सड्याचं सड्यावर

सोमवार, ८ सप्टेंबर

पोचले एकदाची! सात वर्षं वाट पाहून नोकरी मिळाली आणि मिळाली कुठे, तर पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अलीकडच्या एका गावात, जिथे एसटी दिवसातून तीनदा येते आणि त्यातली एक येतच नाही. तरी मी खूश आहे. सासूबाई म्हणाल्या, नव्याचे नऊ दिवस. म्हणोत बापड्या. हजेरीपटावर सही केली ती सावकाश, एकेक अक्षर कोरून. प्रियदर्शिनी बुद्धरत्न कांबळे, विज्ञान शिक्षिका. शिपायाने पाहिलं आणि हसला. हसू दे.

घरही मिळालं. मालक दत्तारामभाऊ मुंबईला असतात. गणपतीला घर उघडतात, मग शिमग्यापर्यंत कुलूप. उद्या ते परत निघणार, म्हणून आजच किल्ली दिली. आडनाव विचारलं. मी सांगितलं आणि श्वास धरून उभी राहिले, कारण हा प्रश्न मला नवा नाही. ते म्हणाले, बाई, बंद घराला वाळवी लागते, माणूस राहिलेलं बरं. झालं, एवढंच. सिमेंटचं घर, दोन खोल्या, पुढे पडवी, मागे पन्हाळीखाली पावसाच्या पाण्याचं निळं पिंप. गावापासून जरा वर, सड्याच्या पायथ्याशी; डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या पठाराला इथे सडा म्हणतात. शेजार म्हणावा तर समोर एकट्या ठकूबाई, त्यांच्या दोन गाई आणि एक पांढरी मनी. ठकूबाईंनी आल्या आल्या भाकरी आणि सुकटीची चटणी आणून दिली आणि मी किती वाळलेय ते तीनदा सांगितलं.

श्रुतिकाला फोन केला. नऊ वर्षांची माझी बया मिरजेत बाबा आणि आजीपाशी राहिलीय. निघताना म्हणाली होती, आई, फोनवर तरी गोड बोलत जा. मी म्हटलं, गोड हवं असेल तर पेढे खा. असं माझं. खेकसल्याशिवाय मला माया करता येत नाही. आमच्या आईचंही हेच होतं. दिवाळीच्या सुट्टीत मला मतदारयादीचं काम लागलंय, म्हणून तीच बाबाबरोबर इकडे येणार. शनिवार, १८ ऑक्टोबर. तिला हिरकणीवाडीला जाऊन रायगडच्या रोपवेत बसायचंय, बुद्धरत्नला तिला चवदार तळं दाखवायचंय. मला फक्त तिला बघायचंय. चाळीस दिवस. कॅलेंडरवर लाल गोल केला.

ही वही खरं तर प्रयोगवही. डाव्या पानावर प्रयोग, उजव्या पानावर मनातलं, असं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सातवीला कीटकभक्षी वनस्पती शिकवल्या. मला या झाडांचं जुनं वेड. मिरजेत असताना ऑनलाइन बी मागवलं होतं. पाकिटावर जबडा उघडलेलं झाड होतं, कुंडीत राजगिरा उगवला. बुद्धरत्नने त्याची भाजी करून खाल्ली आणि वर म्हणाला, शिकार चवदार आहे.

आज फळ्यावर दवबिंदू नावाच्या रोपट्याचं चित्र काढत होते. पानावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट, गोडसर थेंब. कीटक भुलून येतो, बसतो, अडकतो, आणि पान त्याला सावकाश मिठीत घेऊन पचवतं. तर वर्ग ओरडला, बाई, ह्ये आमच्या सड्यावं हाय की! मी चाट पडले. एवढी पुस्तकं वाचली आणि झाड माझ्या डोक्यावरच्या डोंगरात. मुदस्सर सरांना विचारलं. ते हिंदी शिकवतात, रोज महाडहून मोटारसायकलने येतात, आणि पहिल्या दिवसापासून मला डब्यातला अर्धा कबाब देतात. ते म्हणाले, मॅडम, तेरा वर्षं झाली इथे, सड्यावर काही मी चढलो नाही, गुडघे माझे. बघू, ठकूबाईंना विचारते.

रविवार, १४ सप्टेंबर

आज ठकूबाईंबरोबर सड्यावर गेले. काय सांगू! वर सगळा काळा कातळ, त्यावर पाण्याचे पातळ ओघळ, गवत, जांभळी फुलं आणि त्यात दवबिंदू. बोटभर रोपं, उन्हात चमकणारी. मी गुडघ्यावर बसून लहान पोरीसारखी बघत होते. ठकूबाई म्हणाल्या, याला आम्ही नाव नाय ठेवीत. दिवाळीपर्यंत पाणी आटलं का आपोआप मरतं.

सड्याच्या मधोमध एक खळगा आहे. तिथलं दवबिंदू गुडघ्याएवढं, लालभडक. गाई तिकडे वळत नाहीत. एका झुडपाच्या बुडाशी वासराच्या गळ्यातली घुंगुरमाळ पडली होती. ठकूबाईंनी ती उचलली नाही, मलाही उचलू दिली नाही. वारा नव्हता, तरी गुळाच्या काहिलीसारखा वास येत होता. मी मात्र बोंडं बघत होते. काही पिकली होती. ठकूबाई गाय वळवायला गेल्या तेवढ्यात मी चारपाच बोंडं कागदात झटकली. बी तपकिरीसारखं बारीक, काळं.

उतरताना ओढ्याशी सगळे थांबतात. पाय घोट्यापर्यंत वाळूने घासायचे, ओचा झटकायचा, गाईंच्या खुरांतली माती काठीने काढायची. नवस नाही, नारळ नाही, नुसती रीत. ठकूबाई म्हणाल्या, “सड्याचं सड्यावं ऱ्हाऊं दे गो बाय, घरात नाय न्यायचं.” मला फार पटलं. जंगलातलं बी शेतात येऊ नये म्हणून यापेक्षा शहाणी रीत कोणती? मीही पाय घासले, पदर झटकला, अगदी चपलांचे तळसुद्धा धुतले.

बी या वहीच्या कव्हरात होतं, पुडीत. खोटं बोलले नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. सातवीसाठीच तर हवंय.

सोमवार, १५ सप्टेंबर

डावं पान:
कोकोपीट पाच वेळा धुतलं (त्यातलं मीठ या झाडांना विष). ओढ्याची वाळू उकळून गार केली. दोन्ही समप्रमाणात. श्रीखंडाचे तीन रिकामे डबे, बुडाला भोकं. बी पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं, त्याला उजेड लागतो. डबे परातीत ठेवले, परातीत पिंपातलं पावसाचं पाणी. नळाचं पाणी अजिबात नाही. खत नाही. वर पारदर्शक झाकण. खिडकीत.

उजवं पान:
बुद्धरत्नला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, यंदा कसली भाजी?

मंगळवार, २३ सप्टेंबर

उगवलं! हाताच्या काकणाला आरसा कशाला, भिंगसुद्धा लागलं नाही. साठेक बियांतून तीन रोपं, प्रत्येक डब्यात एक. मोहरीएवढी, पण पानांना केस आणि केसांना थेंब. श्रुतिकाला फोटो पाठवला. तिने लगेच विचारलं, आई, यांची नावं काय ठेवली? मी म्हटलं, नावं ठेवायला मी काय बारशाची आत्या आहे? मग वाईट वाटलं. तिला म्हटलं, तू येऊन ठेव.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बुरशी. पांढरी जाळी पसरलीय. रोपं मलूल. दालचिनीची पूड भुरभुरली, उपयोग नाही.

हौशी लोक सांगतात, इवल्या रोपांना भरवावं लागतं, माशांचं खाद्य चुरून नाहीतर एखादं चिलट. माझ्याकडे दोन्ही नाही. पण डासांना काय तोटा? वही लिहिताना दंडावर एक बसला, माझं रक्त पिऊन टम्म झालेला. मारला आणि सुईच्या टोकाने पहिल्या रोपावर ठेवला. मग आणखी दोन तसेच, मुद्दाम पोटभर पिऊ देऊन. पानं मिटताना डोळ्यांनी दिसली. इतक्या लवकर मिटत नाहीत खरं तर. पण जगली म्हणजे मिळवली!

सोमवार, २९ सप्टेंबर

तीन दिवसांत वीतभर! हे कुठल्याही पुस्तकात नाही. बुरशी गायब. घरातल्या मुंग्याही गायब. सकाळी एका रोपात पाल होती. अर्धी.

झाकणं काढावी लागली, मावत नाहीत. घरभर गुळाचा वास आहे. वर्गात न्यायचा विचार केला होता, पण पाल बघून जरा थांबले. मुदस्सर सर आज मधल्या सुट्टीत माझ्या बाजूला बसले आणि म्हणाले, मॅडम, अत्तर छान आहे. मी अत्तर लावत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

पाणी घालताना डाव्या तर्जनीत काहीतरी टोचलं. लाल केस, काट्यासारखा आत गेलेला. चिमट्याने काढला, पूर्ण निघाला नाही.

संध्याकाळी डाव्या हाताच्या लवेवर घाम आला असं वाटलं. पुसला. परत आला. भिंगातून पाहिलं. प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक थेंब. गोल, स्वच्छ. साबणाने धुतलं, डेटॉल लावलं. थेंब तसेच. ॲलर्जी असणार. उद्या गांधी जयंती, दवाखाना बंद. परवा बघू.

शनिवार, ४ ऑक्टोबर

दवाखान्यात गेले नाही. लांब बाह्यांचा ब्लाउज घालून काल शाळेत गेले. बाही दंडाला चिकटली, ती कापून काढावी लागली.

आज सकाळी ठकूबाईंची मनी पडवीत आली. मी म्हटलं, “ये गं मने, ये माझ्या सोन्या.” माझा आवाज ऐकून मीच दचकले. इतकी गोड मी पोटच्या पोरीशी कधी बोलले नाही. मनी थेट माझ्या हातावर आली. चिकटली. मी सोडवायला गेले तर दुसरा हातही —

लिहिते. विज्ञान शिकवते मी, जे झालं ते लिहिलंच पाहिजे. ती दुपारपर्यंत हातावर होती. आधी ओरडत होती. मग नाही. नंतर नुसते केस उरले. मी रडत होते, हुंदके देऊन रडत होते, आणि त्याच वेळी माझं पोट भरत होतं. तीन दिवस भाकरी नको वाटत होती. आज तृप्त वाटलं. या तृप्तीची मला जास्त भीती वाटतेय.

तिन्ही डब्यांत वाटीवाटी मीठ ओतलं.

रविवार, ५ ऑक्टोबर

रोपं मेली! काळी पडून लोंबताहेत. तिन्ही! मी टाळी वाजवली.

टाळी सुटायला अर्धा तास लागला. हात बघितले. थेंब कोपराच्या वर गेलेत, दोन्ही हातांना. रोपं मेली म्हणून काय झालं, बी रुजायचं तिथे रुजलंच होतं.

मग दंडावर मूठभर मीठ चोळलं. आग आग झाली, ओरडले, पण थेंब सुकले! खरंच सुकले. तेवढ्यात माझ्याच उजव्या हाताने बरणी फेकून दिली. मी नाही फेकली. हाताने फेकली. अंगणात फुटली, वरून सर आली, सगळं मीठ वाहून गेलं. घरात दुसरं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

शाळेत गेले नाही. नळाचं पाणी प्यायले की उलटी होते. पिंपातलं पोटात टिकतं. पाय सारखे कोरडे पडतात, टाचा फुटून रक्त येतं. परातीत पिंपातलं पाणी ओतून उभी राहिले तेव्हा बरं वाटलं. डबे ठेवले होते तीच परात.

एसटी गाठायची म्हणून सकाळी निघाले होते. फाटकाबाहेर तीस पावलं मोजली. कातडी पापडासारखी आवळली, डोळ्यांपुढे अंधार. रांगत परत आले. पाण्यात पाय घातले आणि माझ्या तोंडून सुस्कारा निघाला. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

दुपारी ठकूबाई मनीला शोधत आल्या. मला पाहून समजल्या. क्षणात समजल्या. म्हणाल्या, “बी आणलंस ना गो घरात?” मी हो म्हणणार होते. तोंडातून निघालं, “या ना ठकूबाई, बसा माझ्याजवळ.” त्या बिचाऱ्या घाबरल्या नाहीत. मला ओढून बाहेर काढायला आल्या. माझा हात धरला. मग सुटेना. विळ्याने त्यांनी स्वतःच स्वतःचा तळवा सोलून सोडवला आणि धावत गेल्या. त्यांच्या तळव्याची कातडी माझ्या मनगटावर होती. संध्याकाळपर्यंत नव्हती.

मला मरावंसं वाटतंय. आणि ११ दिवसांनी माझी पोर येतेय.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

एकच काम. श्रुतीला थांबवायचं.

मोबाईलच्या काचेला बोट लागत नाही, चिकट पाण्याने ती बोट ओळखतच नाही. बुद्धरत्नचा फोन मात्र आपोआप लागला, काच कुठेतरी दाबली गेली असावी. मी ओरडले, येऊ नका! तिकडे ऐकू गेलं, “कधी येताय? श्रुतीला लवकर आणा ना.” तो हसला. म्हणाला, बाईसाहेब, तब्येत बरी आहे ना? कोकणचं पाणी मानवलेलं दिसतंय. श्रुतीने फोन ओढून घेतला. मी तिला म्हटलं, “माझी राणी गं ती.” ती हळूच म्हणाली, आई, परत म्हण ना.

मी परत म्हटलं. थांबवताच आलं नाही.

हातातून खरं निघतं अजून. तोंडातून नाही. म्हणून लिहायचं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मुदस्सर सर आले होते. शाळेत चिंता आहे म्हणाले. फाटकापाशीच उभे होते. मी आधीच चिठ्ठी लिहून ठेवली होती, घरी फोन करून सांगा, कोणी येऊ नका. द्यायला हात पुढे केला. चिठ्ठी बोटांवरून सुटेना. झटकली, दाताने ओढली. दाताला चिकटली.

आणि तोंड बोलतच होतं. या ना सर, चहा घेऊन जा, एकटीला करमत नाही, श्रुतीची फार आठवण येते. सर फाटक उघडून आत यायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तसंच हसू होतं, मनी आली तेव्हा तिचे डोळे होते तसं. समोरून ठकूबाई किंचाळल्या, बांधलेला हात नाचवत. सर थबकले. तेवढ्यात मी खांद्याने दार लोटून घेतलं. जमलं! एवढं एक जमलं.

दाराआडून ऐकू आलं, ठकूबाईंचं सड्याचं बोलणं सरांना काही पटत नव्हतं. सर म्हणत होते, मॅडमना घरच्यांची आठवण फार येतेय, मीच आज त्यांच्या मिस्टरांना फोन करून सांगतो, सुट्टी लागली की लगेच निघा.

भला माणूस.

दार सोडवताना खांद्याची कातडी गेली. लगेच आली. लाल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

फोन बंद पडला. चिकट पाण्यात गेला.

ऊन लागतं मला. पाय आपोआप पडवीत आले, परातीसकट. आता उचलत नाहीत. परातीत पांढरे धागे आहेत बोटांमधून निघालेले, फरशीच्या फटीत गेलेत.

पाऊस थांबलाय. पिंपात वीतभर पाणी. ठकूबाई रस्त्यावरून ओरडून सांगून गेल्या, सडा वाळत चाललाय, अमावास्येपर्यंत कळ काढ गो बाय, पाणी आटलं का ह्येबी मरंल. त्यांच्या हातात पू झालाय. भाचा महाडला घेऊन चालला. सांगत होत्या, शनिवारी सांजेला येतो माणसं घेऊन, तवर कुनाला आत घेऊं नको.

अमावास्या मंगळवारी. श्रुती शनिवारी दुपारी.

तीन दिवस फक्त. तीन दिवस उशिरा आली असतीस तर —

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वही डाव्या हाताला चिकटलीय. पेन उजव्याला. लिहिणं एवढंच उरलं.

उपाशी आहे. चार दिवस नुसत्या माश्या. मनी आठवते. मनी आठवून तोंडाला पाणी — शी —

घाटात दरड पडू दे. एसटी बंद पडू दे. तिला ताप येऊ दे. आई असून पोरीला ताप मागतेय.

एक सुचलंय. मागच्या पानावर मोठं लिहिते. सबंध पानभर. अक्षरं जाड. मागे फिर. इथे येऊ नको. ती फाटकात आली की वही उलटी करून वर धरायची. तिला वाचता येतं, चौथीत आहे, हुशार आहे, मी शिकवलंय. एका शब्दाला तीन धपाटे देऊन शिकवलंय.

हात वर होतात अजून. दहादा करून पाहिलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

ऊन चढलं. ठकूबाईंच्या दाराला कुलूप.

वास मलाच सहन होत नाही इतका गोड —

एसटीचा हॉर्न. दुपारची. आज नेमकी वेळेवर.

पायवाटेवर बोलणं. तिचं. बाबाला विचारतेय, कोणी गूळ करतंय का इथे —

फाटक. ती पुढे. तो बॅगा घेऊन मागे, खाली वळणावर —

उंच झालीय. केस कापलेत. मला न विचारता.

खेकस. प्रियदर्शिनी, खेकस. जन्मभर केलंस ते आज एकदा —

ये गं राणी, ये माझ्याजवळ — मी नाही म्हटलं. मी नाही —

थांबली. हसतेय. मागे वळून ओरडली, बाबा, आई गोड बोलली!

वही वर धरते

नाही वाचलं. तिला हातच दिसले नुसते. दोन्ही वर. तिला वाटलं, कडेवर घ्यायला —

पळत सुटली. चपला तिथेच — श्रुते, कार्टे, मा